एक अक्षर, पायी

४ नोव्हेंबर, सकाळ

या फोनला डोळे नाहीत. मी आज घरापासून बँकेपर्यंत आणि बँकेपासून घरापर्यंत सरळ फुटपाथवरून चालले, आणि नकाशात मला नाल्यातून नेलंय. लाल रेघ. पुलावरून नाही, पुलाखालून. थोरली म्हणते सिग्नल हलतो. सिग्नल हलला असेल, मी हलले नव्हते. पस्तीस वर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिलेली बाई आहे मी. सरळ कसं राहायचं ते मला फोनने शिकवू नये.

डॉक्टरने साखरेसाठी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, म्हणून थोरलीने हे ॲप घातलं. थोरली म्हणजे माझी मुलगी. बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांना रस्ते सांगते आणि संध्याकाळी घरी येऊन मला. निघताना ॲप चालू करायचं, परत आल्यावर बंद करायचं. मग आपण कुठे कुठे गेलो त्याची रेघ नकाशावर दिसते. मी कुठे गेले ते मला माहीत असतं, पण तिला पुरावा लागतो.

आजपासून लिहून ठेवणार. दुकान बंद केलं तेव्हाची पावतीपुस्तकं उरलीत, मागची बाजू कोरी आहे. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, एवढी जागा पुरे.

नवे बूट डाव्या करंगळीला चावलेत. फोड आलाय. बूट नवा आहे, शिकेल.

६ नोव्हेंबर

ॲपमध्ये ओळखीच्या माणसांचं एक पान आहे. कोण किती चाललं ते दिसतं. आपल्याला आवडलं तर टाळ्यांचं चित्र दाबायचं, म्हणजे त्या माणसाला टाळी पोचते. माझ्या पानावर चार जण. थोरली, शेजारची टेलरीण, दवाखान्यातला कंपाउंडर. चौथा धाकटा. माझा मुलगा.

बोट चुकून लागलं आणि त्याची रेघ उघडली. मग आणखी सात-आठ वेळा चुकून लागलं.

हे गेले तेव्हा धाकटा तिसऱ्या दिवशी पोचला. सगळं आटोपल्यावर. रजा, तिकीट, साहेब, काय काय सांगत होता. मी दारातच म्हटलं, बापाच्या वेळेला आला नाहीस, आता माझ्या वेळेलाही येऊ नकोस. चार माणसांत म्हटलं. त्याला पाच वर्षं झाली. जन्मात माझं कधी ऐकलं नाही त्याने. हे एकच ऐकलं.

मला त्याचं काही नाही. नोंद म्हणून लिहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

धाकट्याचं वेळापत्रक मला पाठ झालं. पहाटे पाच चाळीसला घरातून निघतो. तळ्याला दोन फेऱ्या, पळत. मग एका कोपऱ्यावर अकरा मिनिटं थांबतो. नकाशावर त्या कोपऱ्याला बोट लावलं तर बेकरी निघाली. म्हणजे चहा पितो, सोबत काहीतरी खातो. दोन फेऱ्या मारून कमावलेलं अकरा मिनिटांत घालवतो. बापावर गेलाय.

पण रविवारची रेघ वेगळी. चारशे मीटर, आणि वेळ बावन्न मिनिटं. घरापासून शेजारच्या बागेपर्यंत. एवढं हळू एक तर म्हातारं चालतं नाहीतर दोन-तीन वर्षांचं पोर. म्हातारं मी इथे आहे. रेघेला दर थोड्या अंतरावर गाठ आहे. तिथे थांबून कोणीतरी काहीतरी उचललंय, पान नाहीतर खडा. बागेत एका जागी रेघ इतक्या वेळा फिरलीय की नुसता लाल डाग दिसतो. घसरगुंडी.

म्हणजे मी आजी आहे. मला कोणी सांगितलेलं नाही. आधीच्या रविवारांच्या रेघा काढून बघितल्या. एक वर्षापूर्वी तीच बाग दहा मिनिटांत होत होती, सरळ रेघेत. तेव्हा ढकलगाडीत असणार.

थोरलीला विचारलं नाही. तिला माहीत असणारच. नसेल तर चौकशीच्या खिडकीत बसायची तिची लायकी नाही.

११ नोव्हेंबर

ठरलं. धाकट्याला बोलावणार नाही. चार माणसांत तोंडाने बोललेलं मी तोंडाने परत घेत नसते. पण पायाने लिहिलं तर ते काही बोलावणं धरत नाहीत. मी डॉक्टरच्या सांगण्यावरून चालते आहे. चालता चालता रेघेचं अक्षर झालं आणि त्याने ते वाचलं, तर त्याला मी काय करणार?

लिहायचं एकच. 'ये'. एक अक्षर, वर एक मात्रा. बँकेपासून शाळेच्या फाटकापर्यंतचा मोठा रस्ता म्हणजे वरची आडवी रेघ. शाळेपासून पंपहाउसपर्यंतची गल्ली म्हणजे उभी दांडी. 'य'चं पोट मैदानाच्या कडेने. पेन उचलता येत नाही एवढीच अडचण, तिथे त्याच वाटेने मागे फिरायचं. चार दिवसांत अक्षर, आठ दिवसांत धाकटा. त्याच्या खोलीतली खोकी थोरलीला हलवायला सांगितली. कशाला, म्हणाली. म्हटलं धूळ.

फोड फुटला. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरा होतोय.

१३ नोव्हेंबर

लिहिलं. पाच किलोमीटर, पावणेदोन तास. घरी येऊन बघितलं तर सगळं उलटं. मी दारात उभं राहून समोरची बाजू वर धरली होती, ती नकाशात खाली निघाली. नकाशात वर म्हणजे उत्तर, असं थोरली म्हणते. हे फोनवर कुठे लिहिलेलं नाही. तिसरीत शिकवलं असेल, त्या दिवशी मी आईबरोबर कपडे पोचवायला गेले असेन.

त्याने फोन उलटा धरला तर वाचता येईल. पण तो काही उलटून बघणाऱ्यातला नाही.

१४ नोव्हेंबर

थोरलीने माझी रेघ बघितली. आई, तू मैदानाभोवती तीन वेळा आणि शाळेपाशी पाच वेळा का गेलीस? म्हटलं रस्ता चुकले. चाळीस वर्षं राहतेस इथे. म्हटलं म्हणून तर कंटाळून चुकले. रात्री बघते तर माझ्या स्वेटरच्या खिशात चिठ्ठी. त्यावर घरचा पत्ता आणि तिचा नंबर.

तिला वाटतंय माझं डोकं कामातून चाललं. वाटू दे. मुलाला बोलावते आहे असं वाटण्यापेक्षा ते बरं.

१६ नोव्हेंबर

उत्तर वर धरून नव्याने आखणी केली. सगळं बसतं, फक्त मात्रा अडते. मात्रा शाळेच्या फाटकापासून तिरकी वर जायला हवी, चढावर, पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथे नवीन बिल्डिंग झालीय आणि चढाच्या तोंडाशी वॉचमन.

आजी, कोणाकडे? म्हटलं कोणाकडे नाही, टाकीपर्यंत जाऊन परत येते. तसं चालत नाही, रजिस्टरमध्ये नाव आणि कारण लिहा. मी नाव लिहिलं. कारण लिहिलं, अक्षर पुरं करणे. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. म्हणाला, आजी, घरचं कोणी बरोबर आहे का? मी म्हटलं तुझ्याबरोबर आहे का कोणी? नाही म्हणाला. मग दोघंही एकेकटेच आहोत, सोड. नाही सोडलं. माझ्या खिशातून चिठ्ठी बाहेर आली होती, तीवरून त्याने थोरलीला फोन लावला.

संध्याकाळी मला ओरडा. मी म्हटलं, रस्ता चुकले.

१८ नोव्हेंबर

घरात मेलेल्या उंदराचा वास येतोय. थोरली कपाट ओढते, गॅसमागे वाकते, माळ्यावर चढते. मी पण शोधला. बूट काढले नाहीत, फरशी गार असते. पलंगाखाली वास जास्त येतो म्हणाली. तिथेच बसून मी मोजे बदलत असते, पण तो योगायोग.

उंदीर सापडला नाही. चलाख असणार.

२० नोव्हेंबर

वॉचमनच्या शर्टाची कॉलर बघवत नव्हती. ओला शर्ट अंगावर वाळवतो की काय. म्हटलं दे इकडे. आधी नको नको म्हणाला, मग दुसरा शर्ट घालून हा दिला. घरी आणून पाणी मारलं, कॉलर, खांदे, बाह्या, मग पाठ, शेवटी पुढचं. बटणांच्या मधून टोक फिरवलं. परत नेऊन दिला तर त्याने तो हातावर असा धरला की जणू काच आहे. आजी, हा घालून खुर्चीत कसा बसू? म्हटलं बसू नकोस, वॉचमन आहेस.

उद्यापासून मला चढ मोकळा. रजिस्टर नाही, काही नाही.

उभं राहून इस्त्री केली तेव्हा डाव्या पायाचा बूट आतून ओला वाटला. पाण्याचा हात लागला असेल.

२२ नोव्हेंबर

झालं! सहा किलोमीटर दोनशे मीटर. सुलट. मैदानापाशी कुत्रं मागे लागलं म्हणून 'य'च्या पोटाला एक कोपरा आलाय, पण आंधळ्यालाही वाचता येईल. मात्रा तर अशी तिरकी चढलीय की आमच्या बाईंनी पाठ थोपटली असती. टाकीपाशी वॉचमनने पाणी दिलं. खाली बघून म्हणाला, आजी, चालताना ओला डाग पडतोय बुटाचा. म्हटलं नाल्यातून आले, नकाशाला विचार.

संध्याकाळपर्यंत दोन टाळ्या. टेलरीण आणि कंपाउंडर. त्यांना मी बोलावलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाग. तीनशे ऐंशी मीटर, एक तास चार मिनिटं. गाठी वाढल्यात. पोरगी असावी. मुलगे सरळ घसरगुंडीकडे पळतात.

टाळी नाही.

२५ नोव्हेंबर

पाच चाळीस, तळं, दोन फेऱ्या, बेकरी. नेहमीसारखंच. याचा अर्थ दोनपैकी एक. त्याने पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि रजेचा अर्ज टाकलाय. साहेबाकडून सही यायला वेळ लागतो. मागच्या वेळी पण साहेबच आडवा आला होता.

तरी मी काल आणि आज पुन्हा लिहिलं. आता रोज. एकदा लिहिलेलं माणसाच्या नजरेतून सुटतं. अक्षर सुधारतंय.

करंगळीचं नख गेलं. नखाचं मला कधी कौतुक नव्हतं. करंगळी काळी दिसते. बुटाचा रंग उतरला असणार, स्वस्तातला बूट.

२७ नोव्हेंबर

उंदीर सापडला.

थोरली सकाळी मला उठवायला आली आणि पांघरूण ओढलं. मोजा पायाला चिकटला होता. तिने तो पाणी घालून सोडवला. मग मोरीत जाऊन ओकली.

डॉक्टर तरुण आहे. आजी, दुखत कसं नाही तुम्हाला? म्हटलं मी दुखवून घेत नाही. तो म्हणाला, दुखत नाही कारण नस मेलीय, साखरेने. चालायला मी सांगितलं होतं, पण हे झाल्यावर एक पाऊल टाकायचं नव्हतं. करंगळी जाणार. बाजूची दोन बोटंही. वर किती चढलंय ते आत गेल्यावर कळेल. आजच दाखल व्हा. मी म्हटलं, डिसेंबरात बघू. तरुण डॉक्टरांना कापायची घाई असते. थोरली मधेच म्हणाली, सोमवारी आणते, तेवढं तिला समजावते. डॉक्टर म्हणाला, सोमवारपर्यंत पाय पलंगावरून खाली नाही.

रिक्षात थोरली म्हणाली, आता मी त्याला फोन करते. मी म्हटलं, केलास तर मी दाखल होणार नाही. तू केलास म्हणजे मी बोलावलं असं होतं. ती बाहेर बघत म्हणाली, त्याला मुलगी आहे, आई. तीन वर्षांची. मी म्हटलं माहीत आहे. तिने एकदम मान वळवली. कोणी सांगितलं? म्हटलं नकाशाने. तुम्ही दोघांनी मात्र नाही.

त्यावर ती रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागली. चौकशीच्या खिडकीत बसते.

२९ नोव्हेंबर

दोन दिवस पलंगावर. पाय उशीवर. बोटं कापली की तोल जातो म्हणे, अक्षर बिघडणार. म्हणजे जे काय लिहायचं ते सोमवारच्या आत. उद्या रविवार. थोरलीला उद्या अर्धा दिवस खिडकी आहे.

एकदाच. मोठं आणि सावकाश. त्याची सुट्टी आहे, निवांत बघेल.

४ डिसेंबर, हॉस्पिटल

रविवारी आडवी रेघ झाली, दांडी झाली, पोट झालं. चढावर शेवटच्या वळणाला पाय कुठे टेकतोय तेच कळेना. वॉचमनने मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. इस्त्रीचा शर्ट घालून होता, रक्त लागलं त्याला. गार पाण्याने धू, सांगितलं. बाकी मला आठवत नाही. त्याने थोरलीला फोन केला, ॲम्ब्युलन्स बोलावली.

डावा पाय घोट्याच्या वरून गेला. बोटांवर भागलं नाही. डॉक्टर म्हणतो तीन दिवस आधी आला असतात तर टाच तरी वाचवली असती. मी म्हटलं, तुम्ही तरुण आहात.

आज शुद्ध नीट आली तेव्हा थोरलीने फोन हातात दिला. मी पडले तेव्हा ॲप बंद करायचं राहिलं. फोन स्वेटरच्या खिशातच होता, थोरलीने तो हॉस्पिटलात काढून ॲप बंद केलं. म्हणून नकाशावर 'य' आहे, त्याला अर्धी मात्रा, आणि तिथून एक लांबलचक सरळ रेघ हॉस्पिटलपर्यंत. ॲम्ब्युलन्सची. अकरा किलोमीटर, सतरा मिनिटं. खाली ॲपने लिहिलंय, अभिनंदन, आजवरची तुमची सर्वांत वेगवान फेरी. सोबत पदकाचं चित्र.

त्याखाली टाळी.

धाकट्याची. आणि दोन शब्द. वा, आई!

पाच वर्षांत माझ्याशी बोललेले.

६ डिसेंबर

थोरलीने मला न विचारता फोन केला. काल रात्री, कॉरिडॉरमध्ये. सकाळी माझ्या पलंगापाशी उभी राहून सगळं सांगितलं. मी डोळे मिटून ऐकलं.

त्याने सगळ्या रेघा बघितल्या होत्या. पहिल्या दिवसापासून, उलटी होती तीसुद्धा. रोज तळ्यावर जायच्या आधी बघायचा. त्याला वाटलं आईला आता रस्ते आठवत नाहीत, त्याच त्याच गल्ल्यांतून फिरत राहते. बायकोला दाखवायचा आणि पळायला निघायचा. टाळी कशाला देणार? मग रविवारी एकदम वेगाची रेघ आली. त्याला वाटलं कोणीतरी आईला गाडीतून फिरवायला नेलं. बरं वाटलं म्हणून टाळी.

थोरलीने वॉचमनचं रजिस्टर वाचून रेघा पुन्हा बघितल्या होत्या, तिने त्याला सांगितलं, अक्षर होतं ते, 'ये'. तो रडायला लागला म्हणते. थोरलीला कॉरिडॉरमध्ये काय ऐकू येणार.

मग म्हणाला, मी येतो. पण तिने चार माणसांत मला येऊ नकोस म्हटलंय. आता चार माणसं नकोत, एकदाच तिच्या तोंडून ऐकू दे. 'ये' म्हण, म्हणावं. लगेच गाडीत बसतो, पोरीला घेऊन. एक दिवस, एक रात्र. परवा संध्याकाळी तुमच्यापुढे. एक अक्षर आहे, ताई, तिला सांग.

एक अक्षर! सहा सहा किलोमीटरचं एकेक. मी एवढं लेखी दिलं, आणि याला तोंडी हवंय.

चार वाजता तो फोन करणार आहे. आता पावणेचार. थोरलीने फोन माझ्या उशीपाशी ठेवलाय, आवाज मोठा करून, आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिलीय, जणू मला कळत नाही.

तो येणारच आहे. ज्याला यायचं असतं तो विचारत बसत नाही. येईल तेव्हा दारात बघून घेईन. पोरीला मात्र बागेत मी नेईन, बावन्न मिनिटं लागू देत.

थोरलीला सांगितलं, मी झोपलेय. वाजला की तूच उचलायचा.